चार नंबरचं मशीन

मस्टरवर कोकिळा सपकाळेच्या नावापुढे
सव्वीस आठवड्यांची आडवी रेघ ओढायला घेतली.
पट्टी संपली, पान संपलं.

जळगाव एमआयडीसीत चटईचे कारखाने पुष्कळ,
पण आमच्या चार नंबरचा ताणा कधी तुटणार
हे आवाजावरून सांगणारी ती एकटीच.

बदली पोरगा ठेवला, असोद्याचा.
त्याच्या चटईवरच्या मोरांना मानाच नव्हत्या.
फैजपूरच्या व्यापाऱ्याने घेतली तरी,
बदकं समजून.

तिसऱ्या आठवड्यात तिला फोन लावला,
मशीनजवळ धरला.
तिकडे बाळ रडतंय, इकडे मशीन.
मग म्हणाली, भाऊ, डावीकडची दोरी ढिली करा.
याला भूक लागलीय, ठेवते.

पुन्हा नाही लावला.
म्हणजे दोनदा लावला, रिंग जायच्या आत कापला.

मे महिना. पत्रे पंचेचाळीसवर.
तिचा नवरा गेटवर आला, शेजारच्या दालमिलमधला हमाल.
आमच्या शेठला सांगा ना, आठ दिवस सुट्टी पाहिजे.
मी हसलो. तू काय दूध पाजणार आहेस?
नाही, म्हणाला,
पण रात्री दोनला पाठ थोपटायला कोणी लागतं.

जेवताना विमलला सांगितलं, गंमत म्हणून.
कळण्याची भाकर उलटत ती म्हणे,
आपला हेमू झाला तवा तुम्ही सुरतेला व्हते, दाणा घ्यायला.
तुमची सुट्टी बाकी हाये अजून.

भरीत फार तिखट होतं त्या दिवशी.

दालमिलवाल्याकडे गेलो.
त्याने माझंच वाक्य मला ऐकवलं, शब्द न बदलता.
चार दिवस मिळाले. बिनपगारी.

मग दाण्याची खोली रिकामी केली, पंखा लावला.
आठची पाळी तिच्यापुरती साडेनऊची.
हिशोबनीस म्हणाला, बाकीच्या बायाही मागतील.
मागितलं. दोघींना दिलं,
तिसरीचं अजून घोंगडं भिजत पडलंय.

नवरात्र सरल्यावर ती आली.
बटण दाबलं नाही, आधी पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली.
रुसलंय, म्हणाली.

पहिला तुकडा निघाला दीड हात लांब, हातभर रुंद.
हे माप आमच्या ऑर्डरबुकात नाही.
मध्यभागी एक मोर, मानेसकट.

मी वही उघडली. माप लिहिलं, रंग लिहिला,
पार्टीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
सव्वीस आठवड्यांत
बाळाचं नाव विचारायचंच राहिलं होतं.