किता वॉर्ड

शाळा सुटली की मी वट्ट्याच्या चौथ्या पायरीवर बसते.
चारठाण्याच्या अलीकडं, या वस्तीत,
रेंज तेवढ्याच पायरीवर येते.
इथं साडेचार, तिथं रात्रीचे आठ.
केतकीनं ओसाकाचा नकाशा पाठवलाय,
चोवीस वॉर्ड, चोवीस रंग,
कुणीतरी निवांत बसून खडूनं भरल्यासारखे.

"आई, किता वॉर्डात घर घेतलं
तर इंग्रजी शाळेची बस दारात येईल.
भाडं दुप्पट, अन् फी तर ऐकूच नको.
निशी वॉर्डात एक आहे, तिथं नाव लावून ठेवलंय.
आत्ता राहतो तिथली शाळा फुकट,
चालत सात मिनिटं,
पण सगळं जपानीत गं."

किता म्हणजे उत्तर, निशी म्हणजे पश्चिम,
तिनंच सांगितलं.
मला आधी वाटलं होतं, एक कित्ता अन् एक रात्र.
सत्तावीस वर्षं झाली मला दिशा शिकवून:
उगवतीकडं तोंड करा, डाव्या हाताला उत्तर.
तांड्यावरचा लखन राठोड
अजून उजवाच हात वर करतो.

त्या फुकटच्या शाळेत कोण येतं, मी विचारलं.
"सगळेच. डॉक्टरची पोर,
नूडल्सच्या दुकानवाल्याचा नातू,
वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाईची जुळी.
जिथं घर तिथली शाळा, कुणी फार विचार करत नाही.
लेकरं वर्गही स्वतःच झाडतात."
आमची पण झाडतात, म्हणाले मी,
अन् गप्प बसले.

माझ्या पटावर एकोणीस उरलीत.
दोन गेल्या आठवड्यात गेली, पिवळ्या गाडीनं, जिंतूरला.
गव्हाणे सर दारोदार फिरून आले.
एक बाप म्हणाला, सर, तुमचं पोरगं कुठं शिकायलंय?
सरांनी चपला घातल्या.

मला कुणी विचारलं नाही.
फाट्यावर सकाळी आम्ही दोघी उभ्या राहायचो,
तिच्या गळ्यात इलास्टिकचा टाय,
माझ्या पिशवीत अंकलिप्या, वाटायच्या.
तिची गाडी पूर्वेला जायची,
माझी एसटी पश्चिमेला.
एकदा तिनं विचारलं होतं,
आई, तुझी शाळा वाईट आहे का?
एसटी आली म्हणून बरं झालं.

आता मैत्रा मधेच फोनवर येते,
तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस.
"आजी, तुझा वॉर्ड कोणता?"
मी मागं वळून भिंत वाचून दाखवते,
जि. प. प्रा. शाळा, ता. जिंतूर, जि. परभणी,
जि. अन् ता. सकट.
तिला ते फार आवडतं.
जिपप्रा, जिपप्रा, म्हणत ती चूळ भरायला पळते,
तिकडच्या एखाद्या गावाचं नाव असावं तसं.

"सांग ना आई," केतकी म्हणते,
"तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी फोनकडं बघते.
रोज या वेळेला जाते रेंज.
आज चारही काड्या
भरून उभ्या आहेत.