कोन

अमळनेर, कॉलेजचा तळमजला, खिडकीजवळचं टेबल.
फळीचं एक टोक बिजागरीत अडकलेलं,
दुसरं मी उचलते. बोटभर, मग नखभर.
ठोकळा ढिम्म.
"अजून थोडं, मॅडम."
अजून थोडं.
वीसवर काही नाही, एकवीसवर काही नाही,
बावीसला मात्र
आतल्या आत कधीचं ठरलेलं असावं तसा
तो निघतो, आणि खालच्या फडक्यात येऊन पडतो.

बावीसचा टॅन शून्य पूर्णांक चार.
हे या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण, मी सांगते,
फळ्यावर लिहिते, खडू मोडतो.
मग ठोकळ्याच्या पाठीवर अर्धा किलो ठेवून पुन्हा.
पुन्हा बावीस.
हर्षाली पाटील उभी राहते: जड होता ना, मग आधी का नाही घसरला?
जो भार खाली ओढतो, मी म्हणते,
तोच त्याला फळीवर दाबूनही धरतो.
ती लिहून घेत नाही.
पेन तोंडात धरून ठोकळ्याकडे बघत राहते.
तिला पटलेलं नाही,
आणि मला ती एकदम आवडते.

शनिवारी मार्केट यार्ड.
मार्चचं ऊन, पत्र्याखाली दादरीचे ढीग,
पोत्याचं तोंड सुटलं की सरसर आवाज,
आणि दाणे आपापल्या उतारावर येऊन थांबतात.
मी पिशवीतून काठी काढते, सुतळी काढते.
दंगल मापाडी हसतो, "काय मोजस मास्तरीन, धान का हवा?"
उंची अकरा वीत, मधून कडेपर्यंत वीस.
म्हणजे एकोणतीस अंश, थोडा कमीच.
शेजारचा छोटा ढीग, टोपलीभर: तोही एकोणतीस.
वरून आणखी ओता,
ढीग रुंद होतो, उंच होतो,
ताठ काही होत नाही.

तिसरा ढीग मात्र अडतीस.
दोनदा मोजला. अडतीस.
शेठजी खुर्चीतून बघतात. मी काहीच बोलत नाही.
दोन पुड्या बांधते, पहिल्याची आणि तिसऱ्याची,
आणि घरी येते.

दार लोटलेलं. आतून आवाज:
"कोन शे?"
आमच्या बोलीत ण नाही.
विचारायचं माणूस आणि मोजायचा उतार
एकाच शब्दात राहतात,
आणि मी दर वेळी उंबऱ्यावर क्षणभर अडखळते,
जणू तिने आकडा मागितलाय.
"मी, माय."

निंबाबाई, माझी आई. सव्वीस वर्षं त्याच यार्डात
चाळणी, सूप, सांडलेलं वेचणं.
आता डोळ्यांवर सायीसारखं काही आलंय,
ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली.
ताट घेते, दोन्ही पुड्या रित्या करते.
दोन डोंगर, तळहाताएवढे.
ती हात पुढे करते,
दाबत नाही, उतारावरून नुसता फिरवते,
तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा.
"हाई सुकेल, बठी जास.
हाई वल्ली शे. वल्ली उभी ऱ्हास."
मग थोडं थांबून,
"वजनासाठी पानी मारेल शे. कोना ढीग?"

टॅन नाही, सुतळी नाही, वही नाही.
मी माझे आकडे सांगते, एकोणतीस, अडतीस.
तिला त्यांचं काही नाही.
ओल्या दाण्याला दाणा चिकटतो, ती म्हणते,
चिकटला की आपल्या जागेपेक्षा वर उभा राहतो,
ऊन लागलं की येतोच खाली.

सोमवारी हर्षालीला सांगायचं का?
तिला पुन्हा पटणार नाही. बरंच आहे.

आई अजून ताटाशीच.
सुक्या ढिगावर मूठ मूठ सोडतेय,
दाणे घसरतात, थांबतात,
घसरतात,
मधेच एक खडा बोटाला लागतो.
तो उचलून ती ताटाच्या काठावर ठेवते,
आणि पुन्हा मूठ भरते.