किटलीसाठी एक

अकराला उजाडल्यासारखं झालं, दोनला तेही आटोपलं.
कब्रस्तानातून मेणबत्त्या लावून आलो.
बर्फात दगडागणिक एक ज्योत,
बाबांच्या नव्या दगडापाशी तीन,
कारण तिघांनी एकमेकांना न सांगता आणल्या होत्या.

बूट दाराशी. ओले मोजे चुलीवरच्या दांडीला.
या घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी
पहिला कप मुक्यानेच प्यायचा.
वाटण्या, सोयरिकी, डॉक्टरांचे कागद,
सगळं दुसऱ्या कपापर्यंत थांबतं.

मी डबा उघडला.
माणशी एक चमचा आणि किटलीसाठी एक,
हे माप बाबांचं.
आई. साइमीआत्या. ताउनो. ल्युलेओहून आलेली त्याची इंगेर. मी.
आणि किटलीसाठी.
सातवा चमचा हातून पडला
तेव्हा हाताकडे पाहिलं.

काढता आला असता.
भुकटी अजून वरच तरंगत होती, कोरडी,
तोर्नियोच्या पाण्यावर पहिला बर्फ धरतो तशी.
मी आच वाढवली.

आगपेटीत माशाची वाळलेली कातडी असायची,
नखाएवढा तुकडा बाबा किटलीत टाकत
गाळ खाली बसावा म्हणून.
इंगेर दरवर्षी नाक मुरडायची.
यंदा तिनेच फडताळातून पेटी काढून
न बोलता माझ्यापुढे सरकवली.
आत दोन तुकडे होते.
एक टाकला.

साइमीआत्या शहाऐंशीची. कपातून पीत नाही.
बशीत ओतते, पाच बोटांवर बशी तोलते,
साखरेचा चौकोन पुढच्या दातांत धरून
फुर्रकन ओढते.
लढाईनंतर परतलो तेव्हा, ती सांगते,
घर जळून गेलेलं, धुराडं तेवढं उभं.
आईने त्याच चुलीत जाळ केला, राय भाजली,
उघड्या आभाळाखाली आम्हाला कॉफी म्हणून पाजली.
एली तेव्हा कडेवर. थू करून टाकली त्याने.
इथे दरवर्षी बाबा म्हणायचे,
"मला आठवतंय," आणि सगळे हसायचे,
दीड वर्षाच्या पोराला काय आठवणार!

यंदा त्या जागी चुलीतलं लाकूड तडकलं.

चीजचे तुकडे कपात बुडवले,
दाताखाली ते करकरले.
आत्याने बशी खाली ठेवली.
"कडक झालीय."
मी म्हटलं, "किटलीने जास्त मागितली."
आईने माझ्याकडे पाहिलं नाही.
कप तेवढा पुढे केला,
"अर्धाच,"
आणि मी भरेपर्यंत
तो मागे घेतला नाही.

दुसरा कप. ताउनोने घसा साफ केला,
"ती होडी... उन्हाळ्यात कुणी..."

"आधी पी," आई म्हणाली,
"निवतेय."