दुभाषी, फोनवर

हल शहर, हंबरच्या काठचा दवाखाना.
मी तीन आठवड्यांचा खोकला घेऊन आले.
दुभाषी मी मागवली नव्हती.
क्षीरसागर आडनाव बघून कॉम्प्युटरनंच ठरवलं
की हिला इंग्रजी येत नसणार.
दहा वर्षं इथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते,
त्यांच्या शिव्यासुद्धा कळतात मला.

पण रिसेप्शनवर नुकतंच माझं जुनं नाव
पुकारून झालं होतं, मोठ्यानं, दोनदा,
आणि मी उठले तेव्हा खुर्च्यांवरचे गुडघे
एकदम आत सरकले.
म्हणून म्हटलं, असू दे. मराठीत बोलू.

डॉक्टरनं स्क्रीन वर-खाली केली.
खोकल्याआधी त्याला दुसरंच सापडलं:
जेंडर क्लिनिकची रांग, चौथं वर्ष.
जोडीदार?
आधी नेव्हिल होता. आता मॉरीन आहे.
म्हणजे पुरुष आवडतात की बायका?
दोघंही.
त्याचा हात माऊसवर थांबला.
मग बाई व्हायचंय, हे नक्की ना?

मला पहिल्यांदाच कळलं होतं.
फोनमधून तेच पुन्हा मराठीत आलं,
आणि लागलं.

"तुम्ही उभयलिंगी, असं सांगू का?" ती म्हणाली, चाचरत.

हा शब्द मी एकदाच ऐकला होता,
बार्शीला, सातवीत, विज्ञानाच्या तासाला: गांडुळासाठी.
अख्ख्या वर्गानं मागं वळून माझ्याकडं बघितलं.
पुढच्याच ओळीत होतं, शेतकऱ्याचा मित्र.
तिथवर कुणी पोचलंच नाही.

"सांगा. आणि सांगा, मी खोकल्यासाठी आले."
"आले?"
"आले."

इंग्रजीत जाताना ती मात्रा गळून पडणार होती,
तिलाही ठाऊक होतं.
तरी विचारून घेतलं तिनं,
परक्याच्या घरात
चपला कुठं काढू, विचारावं तसं.

काय चाललंय तुमचं? डॉक्टर.
काही नाही, ती इंग्रजीत म्हणाली. क्रियापद.

त्यानं टाइप केलं: क्लिनिकला कळवणे. दुसरं मत घेणे.
स्टेथोस्कोप त्याच्या गळ्यातच राहिला.
"ठेवते हं, ताई," फोन म्हणाला.

बाहेर नदीवरचा वारा, तिरका.
मॉरीन गाडी चालू ठेवून बसलेली.
काय म्हणाला खोकल्याला?
"त्याचा नंबर लागला नाही," मी म्हटलं,
तोंडात अजून मराठीच होती.
तिला काही कळलं नाही.
तिनं माझ्या बाजूची काच वर घेतली.