उधाणाची पाळी

अंगात येतं ते लिंबू उतरवलं की जातं.
माझ्या भावाच्या अंगात काही आलेलं नव्हतं,
तो तसाच जन्मला होता,
ओठांवर मिठाची बारीक साय घेऊन.
सिस्टर म्हणाल्या, पुसा. आईनं पुसली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली.

निकेश हसुराम तांडेल. पंपचालक, कंत्राटी,
वाशीचा धारण तलाव, रात्रपाळी.
काम एवढंच: भरती चढली की झडपा बंद,
सुकती लागली की उघड्या,
शहराचं पाणी खाडीत, खाडीचं पाणी खाडीतच.
घड्याळ त्यानं कधी पाहिलं नाही.
पाणी वळलं की त्याची मान वळायची.

मला कळलं ते बाजारात.
माझ्या पाटीपाशी नुसता उभा राहिला,
आणि बर्फावरची मेलेली मांदेली
एकाच वेळी त्याच्याकडे तोंडं करून वळली.
गिऱ्हाईक म्हणालं, ताजी दिसतात.
मी भाव वाढवला. सुट्टे पैसे मात्र दोनदा मोजावे लागले.

त्या रात्री जेवताना तो बोलला.
घशातून नाही, तळातून.
आमची बोलीही नव्हती ती.
"बाय, सेक्टर नऊ माझा. सतरा माझा.
मॉलच्या तळघरात माझी निवटी झोपायची.
भराव टाकताना मला कुणी विचारलं?
वर्षाला एक नारळ देता,
तोही पुठ्ठ्याचा, वर सोनेरी कागद.
अमावस्येला मी येतोय.
तू आईला घेऊन पनवेलला जा, मावशीकडे."

आणि बाकीचे? मी विचारलं.
तो भात कालवत राहिला. "बाकीचे कोण?"
पलांडेबाईंनी त्याला अक्षर दिलं होतं.
खालच्या सलूनवाल्यानं तीन वर्षं उधारीवर केस कापले.
मी एकेक नाव घेतलं.
त्याच्या डोळ्यांत ती बुडाली,
बुडबुडाही वर आला नाही.

देवाशी भांडावं कसं, कुणी शिकवत नाही.
मला घासाघीस येते,
आणि काही नासायला लागलं की वास आधी येतो.

अमावस्या. पाऊण वाजला होता.
झडपेच्या चाकावर त्याचे दोन्ही हात,
पलीकडे उधाण, दाराशी जमलेल्या गर्दीसारखं.
"सरक, बाय."
मी चाकात कोयता अडकवला.
तेव्हा त्यानं हात वर केला
आणि खाडी उभी राहिली, दोन मजले, काळी,
पोटात चपला, फ्लेमिंगोंची पिसं,
गेल्या साली विसर्जन केलेला एक गणपतीचा हात.
त्यानं कठडा ओलांडून पाण्यावर पाऊल ठेवलं,
आपण घरात ठेवतो तसं.

बुडाला.

निकेशला पोहता येत नव्हतं.
तो झाला त्या साली बापानं होडी विकून रिक्षा घेतली.
खाडी त्यानं पाहिली ती तारेच्या कुंपणातून.
देवानं अंग घेतलं तेही असं,
जे कधी गुडघ्याच्या वर भिजलंच नव्हतं.
खाडी गोंधळली. त्याला उचलायला धावली,
आणि जी लाट धरायला आली
तीच त्याच्या तोंडात गेली.

खोटं का बोलू, थोडा वेळ मी बघत राहिले.
मग दोर टाकला.

सिमेंटवर तो ओकला. मचूळ पाणी, चिखल,
एक जिवंत निवटी, ती टुणकन उडून अंधारात गेली.
"बाय, मना सोरू नको."
बोली घरची होती.
रडतंय कोण, ते विचारलं नाही.

दीडला सुकती लागली.
सकाळी वहीत त्याची सही, शेरा: सर्व ठीक.

आता रोज पहाटे सारसोळेच्या जेट्टीवर
मी त्याला पाण्यात उतरवते. हात मार, म्हणते, पाय मार.
पोहायला आल्यावर तो काय करेल, मला माहीत नाही.
दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला आहे.
कोयताही तिथेच.