सतरा नंबरचं बूथ

पाचव्यांदा मी त्याची पावती फाडली:
कुश्ता वेळीप, अपक्ष, अनामत पाच हजार.
दहा-वीसच्या नोटा, नोटांना सोलांचा वास.
निशाणी उरेल ती.
एकदा छत्री, एकदा शिट्टी,
एकदा शिवणयंत्र; तेव्हा केप्याच्या बाजारात
लोक त्याला फाटके सदरे दाखवायचे.
तोही हसून माप विचारायचा.

हरल्यावर तो कुणाला शिव्या देत नाही.
मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसून
बूथवार आकडे वहीत उतरवतो.
घरचं बूथ: एकतीस. सासुरवाडी: नऊ.
आणि सतरा, जिथं त्याचं कुणी म्हणजे कुणी नाही,
तिथं दर खेपेला एक.
त्या एकाखाली दोन रेघा.

यंदा माझी ड्यूटी सांग्याला लागली.
टपाली मताचा फॉर्म खणात राहिला,
जेवणाच्या डब्याखाली, तेलाचा डाग पडून.

मोजणी संपली. पायरी रिकामी झाली.
तो खिडकीशी आला, वही उघडीच.
माझं कोरं बोट मी फायलीखाली सरकवलं.
आवाज उतरवून म्हणाला,
"बाबा, सतरात कोण वारलं?
घर ठाऊक असेल तर सांग.
भेटून यायला हवं."