निळी गाठ

आमच्याकडे थंडी म्हणजे वीसेक पहाटा.
मतलई सुटते, खाडीवर धुकं बसतं,
माडाच्या झावळ्यांवरून दंव टपटपतं पत्र्यावर,
आणि आठ वाजले की ऊन येऊन
सगळं पुसून टाकतं.

एवढ्यासाठी लोकर?
वाडीतले विचारतात. दरवर्षी विचारतात.
माय सुया थांबवत नाही.
"वीस पहाटा म्हणजे काय कमी झाल्या?"
आणि पुन्हा मोजायला लागते ओठांतल्या ओठांत,
कधी मध्येच घोटाळा होतो:
एक सुलट, एक उलट, नमो मरिये.

विणणं ती वेंगुर्ल्याच्या सिस्टरांकडे शिकली.
बर्फाच्या गावच्या होत्या त्या.
त्यांच्या नमुन्याच्या वहीत एक हरीण होतं,
फांद्यांसारख्या शिंगांचं.
मायच्या हातून त्याचा बोकड व्हायचा.
आम्ही भावंडं शाळेत गेलो ती छातीवर बोकड घेऊन.

पपाचा लाल स्वेटर तेवढा साधा.
मिंगेल पहिल्यांदा बोटीवर चढला त्या साली विणलेला.
लुंगी, वर तो स्वेटर, डोक्याला टॉवेल,
अशा थाटात पपा अजून खाडीत जाळं बघायला उतरतो.

यंदा आम्ही तिघंच.
मिंगेलचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं,
सून बाळाला घेऊन वसईला, माहेरी.
मी कुडाळहून शेवटच्या एसटीनं आले तेव्हा
वायंगणाचा तरवा अंधारातही हिरवा वाटत होता
आणि कलमांखाली मोहोराचा पहिला, आंबूस वास.
पपानं बांबूची चांदणी टांगली होती, एक टोक वाकडं.
गोठ्याभोवती पेरलेली नाचणी बोटभर वर आलेली.
नेवऱ्या मायनं नेहमीएवढ्याच केल्या,
मग डब्याकडे बघत म्हणाली,
"शेजारी दोन ताटं जास्त जाऊ देत."

मध्यरात्रीचं मिसा आटोपून आलो.
पपा बूट न काढताच खुर्चीत झोपला,
हात दिव्याकडे.
तेव्हा दिसलं कोपर.

कधीतरी काजूच्या काटकीत अडकून फाटलं असणार.
त्यानं सांगितलं नव्हतं.
स्वतःच सांधलं होतं, जाळ्याच्या निळ्या दोरीनं,
चार आस ओढून, शेवटी ती त्याची गाठ,
जी माशानं कितीही झटका दिला तरी सुटत नाही.
लाल लोकरीत एवढीशी खाडी.

माय बघत राहिली.
एक टाका सुटला म्हणून
आख्खी पाठ उसवणारी बाई ही.
मला वाटलं, आता कात्री आणेल.

ती उठली, पडवीत गेली,
पपाच्या फिरकीवरून वीतभर दोरी कापून आली.
बाळाची पिवळी टोपी सुयांवरच होती,
उद्या पाठवायची म्हणून शेवटच्या फेरीत आलेली.
कानाच्या वर, एका जागी,
तिनं निळं घेतलं.
गाठ तिला येत नव्हती.
झोपलेल्या पपाच्या कोपराशी चष्मा नेऊन
बघून बघून तिसऱ्या खेपेला जमली.

"बाळाला टोचेल ना?"
"बाहेरच्या अंगाला आहे."
एवढंच बोलणं झालं आमचं.

सकाळी धुकं फार.
पलीकडचा किनारा नव्हताच,
नुसते कुरवांचे आवाज.
"आले बघ उत्तरेचे पाव्हणे, बिनस्वेटरचे,"
पपा म्हणाला. दरवर्षीचाच विनोद.
मग टेबलावरची टोपी उचलली,
उलटी केली, सुलटी केली,
गाठीवर अंगठा दाबून ताणून बघितली,
जाळं बघतात तशी.
मायकडे बघितलं नाही.
"घट्ट आहे," म्हणाला,
आणि चहात नेवरी बुडवली.

आठ वाजता ऊन आलं.
आज पोस्ट बंद.
म्हणून टोपी दिवसभर राहिली
गोठ्यातल्या मातीच्या गाईच्या पाठीवर.
तेवढीच जागा रिकामी होती.